आर्ची बंकर कोपरीत राहत असता तर

सध्या आमच्याकडे रात्री जेवणं आटोपली की टीव्हीवर यूट्यूब लावून जुन्या मालिका बघायचा कार्यक्रम चालू आहे. बाबा ठाण्यातल्या कोपरीहून थोडे दिवस घोडबंदरला आमच्याकडे राहायला आलेत, त्यांना आताच्या सासू-सुना बघवत नाहीत, लेकीला बातम्या बघवत नाहीत, मग सगळ्यांना चालेल असं काय तर दूरदर्शनचा जमाना. फ्लॉप शो झाला, वागळे की दुनिया झालं, नुक्कड अर्ध्यावर आलंय, ऑफिस ऑफिस मधेमधे तोंडी लावायला असतंच. आणि हे सगळं असं सलग बघताना एक गोष्ट डोक्यात बसलीय ती इथे लिहून टाकते, घरच्यांना ऐकवून ऐकवून मी वात आणलाय.

तर गोष्ट अशी की आपल्या जुन्या कॉमेडी मालिका बाबूवर हसल्या, कंत्राटदारावर हसल्या, नेत्यावर हसल्या, डॉक्टरवर आणि घरमालकावर पण हसल्या, पण कोचावर पाय वर घेऊन ती मालिका बघत बसलेला जो माणूस आहे ना, त्याला मात्र कुणी फारसा हात लावला नाही.

आता लगेच कुणी अंगावर येऊ नका, मला त्या मालिका आवडतात. फ्लॉप शो तर माझ्या मते अजूनही कुणाला जमलेला नाही. १९८९ साल, जसपाल भट्टी, एकूण दहा एपिसोड. दहाच! आता एखाद्या मालिकेत नुसती हळद लागायला दहा एपिसोड जातात. आणि हे सगळं सरकारी चॅनेलवर, म्हणजे सरकारच्या ओसरीवर बसून सरकारचीच सालं काढायची. पीएचडीच्या गाइडच्या घरची कामं करणाऱ्या विद्यार्थ्याचा एपिसोड लागला तेव्हा आमच्या नात्यातली एक मुलगी नेमकी आलेली, ती सध्या पीएचडीच करतेय, ती हसली नाही. म्हणाली यात कॉमेडी काय आहे. खरं सांगायचं तर फ्लॉप शोनेच थोडंफार घरात डोकावलं, मेडिकल बिलांच्या एपिसोडमध्ये लबाडी करणारा कुणी मंत्रीबिंत्री नाहीये, तुमच्याआमच्यासारखा नोकरदारच आहे, आणि तो एपिसोड चालू असताना बाबा एकदम पाणी प्यायला उठले. मी काही विचारलं नाही.

वागळे म्हणजे आमच्या घरातलं दैवतच. बाबांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत गेली, डिस्पॅचला होते, त्यामुळे १९८८ ला ती मालिका आली तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली पोरं बाबांना मागून वागळे म्हणायची आणि बाबांना ते मनातून आवडायचं. आर. के. लक्ष्मणच्या डोक्यातला माणूस, दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची मालिका, कुंदन शाहचं दिग्दर्शन, आणि अंजन श्रीवास्तव नावाच्या माणसाने तो सेल्स क्लार्क असा काही केला की आम्हाला तो मराठी नाही हे कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. भारती आचरेकर तर काय, घरचीच. (त्यात एका एपिसोडमध्ये वागळेला गाडीची धडक देणारा पोरगा शाहरुख खान आहे, लेकीने तो सीन चारदा मागे घेऊन बघितला.) पण परत बघताना लक्षात येतं की वागळे बिचारा कायम बरोबर असतो. तो भित्रा आहे, चिकट आहे, गोंधळलेला आहे, पण वाईट कधीच नाही. वाईटपणा सगळा बाहेर, ऑफिसात नाहीतर रस्त्यावर नाहीतर दुकानात, आणि वागळे त्या सगळ्यातून छत्री सांभाळत घरी येतो. आम्हाला आवडणारच ना! आमचाच फोटो, त्यात टच-अप केलेला.

ऑफिस ऑफिसचं पण तेच, फक्त २००१ पर्यंत सगळ्यांचा संयम संपलेला असल्यामुळे ते जास्त झोंबतं. पंकज कपूरचा मुसद्दीलाल एका एपिसोडमध्ये एका खात्यात जातो, पुढच्या एपिसोडमध्ये दुसऱ्या, आणि समोर तेच पाच जण खुर्च्या बदलून बसलेले. ही आयडिया किती भारी आहे बघा, खातं कुठलंही असो, माणूस तोच! आसावरी जोशीचं ‘वही तो’ आमच्याकडे आता रोज चालतं, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी. पण मुसद्दीलाल स्वतः कधी टेबलाच्या त्या बाजूला बसला तर काय करेल हे काही मालिका विचारत नाही.

नुक्कड थोडं वेगळं, त्यात मुळात मध्यमवर्ग हिरोच नाही. १९८६ मध्ये सईद मिर्झा आणि कुंदन शाहने इलेक्ट्रिशियन, सायकलवाला, हॉटेलवाला कादरभाई, न्हावी, दारुडा खोपडी आणि घरकाम करणारी राधा अशी माणसं आणून नाक्यावर बसवली आणि त्यांना त्यांच्या त्यांच्या भानगडी दिल्या. राधाला! म्हणजे बाकी मालिकांमध्ये कामवाली चहाचा ट्रे घेऊन येते, एक विनोद करते नाहीतर तिच्यावर एक विनोद होतो आणि ती आत जाते. नुक्कडमध्ये ती आत गेल्यावर कुठे जाते ते दाखवलं. बाबांना नुक्कड तेव्हा एवढं आवडायचं नाही, म्हणे काय सारखं ते गरिबीचं, आता मात्र गणपत हवालदार आला की खूश होतात.

एक गंमत सांगते, ही माझी स्वतःची थिअरी आहे. १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकर रजनी होती, गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना सरळ करणारी, इतकी की टॅक्सीवाल्यांनी दूरदर्शनवर मोर्चा नेला होता. रजनी काही कॉमेडी नव्हती, पण पुढचं ऐका. दहा वर्षांनी, १९९५ ला, झीवर हम पाँच आलं, त्यात अशोक सराफला पाच मुली, दुसरी बायको, आणि पहिली बायको मेलेली, जी भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलते. त्या फोटोत कोण? प्रिया तेंडुलकर! जी बाई रस्त्यावर उतरून व्यवस्थेला जाब विचारत होती ती दहा वर्षांत हार घातलेल्या फ्रेममध्ये बसून नवऱ्याला टोमणे मारायला लागली. दूरदर्शनचा जमाना संपून केबलचा आला म्हणजे नेमकं काय झालं, ते मला कुणी विचारलं तर मी हे एवढंच सांगते. बाकी हम पाँच धमाल आहे, काजलभाई माझी फेवरेट, तो विषय वेगळा.

आता मूळ मुद्दा. लेकीने कुठूनतरी अमेरिकेच्या जुन्या मालिकेचे तुकडे शोधून काढले, ऑल इन द फॅमिली. मला नाव ऐकून माहीत होतं, बघितलं कधीच नव्हतं. १२ जानेवारी १९७१ ला सुरू झाली आणि १९७९ पर्यंत चालली, त्यातली पाच वर्षं तिकडे एक नंबरला. निर्माता नॉर्मन लिअर, २०२३ च्या डिसेंबरमध्ये वारला, वय १०१. ब्रिटनच्या एका मालिकेवरून त्याने ही उचलली, पण मसाला स्वतःच्या घरातला घातला, त्यातला बाप बराचसा त्याच्या स्वतःच्या बापावर बेतलाय.

हा बाप म्हणजे आर्ची बंकर. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात छोटंसं घर, मालधक्क्यावर फोरमन, दिवाणखान्यात त्याची ठरलेली खुर्ची, तिच्यावर दुसरं कुणी बसलं की संपलंच. हा माणूस काळ्यांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल, पोर्टोरिकोवाल्यांबद्दल, कॉलेजात शिकणाऱ्या पोरांबद्दल, सगळ्यांबद्दल जे मनात येईल ते तोंडाने बोलतो. बायको ईडिथ साधी भोळी, तिला येताजाता गप्प बस म्हणतो. मुलगी आणि जावई त्याच घरात राहतात, जावई पुरोगामी विचारांचा आणि सासऱ्याच्या पैशावर जेवणारा, दोघांची रोज जुंपते. चॅनेलवाले इतके टरकलेले की पहिल्या एपिसोडच्या आधी त्यांनी पाटी दाखवली, आम्ही आमच्याच खोडी आणि पूर्वग्रहांवर विनोदाचा झोत टाकतोय अशा अर्थाची.

म्हणजे बघा, वाईट माणूस खात्यात नाही, टेबलामागे नाही, तो खुर्चीत बसून बिअर मागतोय आणि तो तुमचा बाप आहे. आणि प्रॉब्लेम हा की तो तुम्हाला आवडतो. कॅरल ओकॉनरने तो असा केलाय की राग यायच्या ऐवजी ओळखीचं वाटतं. ती खुर्ची तर पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये गेली, अजून आहे.

१९७२ चा सॅमी डेव्हिस ज्युनियरचा एपिसोड आम्ही तिघांनी मिळून बघितला. हा त्या काळातला मोठा काळा गायक, स्वतःच्याच भूमिकेत आलाय. आर्ची नोकरीशिवाय वरकमाईला टॅक्सी पण चालवतो, त्या टॅक्सीत सॅमीची बॅग राहते आणि ती घ्यायला तो घरी येतो. आर्ची नुसता पाघळलेला, एवढा मोठा स्टार माझ्या घरी, गल्लीत सगळ्यांना सांगून झालेलं, आणि त्याच आदरातिथ्यात तो एकामागून एक भयानक गोष्टी बोलत सुटतो, त्याला पत्ताच नाही की आपण भयानक बोलतोय. सॅमी शांतपणे ऐकून घेतो, मधेच असं काही बोलतो की आर्चीला ती तारीफ वाटते. शेवटी निघताना फोटो काढायचा ठरतं. दोघं शेजारी उभे, आर्ची छाती काढून, कॅमेऱ्यावाला आकडे म्हणतो, आणि नेमक्या क्षणी सॅमी वळून आर्चीच्या गालाचा मुका घेतो. क्लिक. प्रेक्षक समोर बसवून शूट करायचे, तो हशा थांबतच नाही, आणि आर्चीचा चेहरा, बाप रे. एक शब्द नाही, भाषण नाही, नंतर कुणी येऊन समजावून सांगत नाही की भेदभाव वाईट. बाबांना हसता हसता ठसका लागला.

आणि मग दुसऱ्या एका तुकड्यात आर्ची बडबडत होता की बाहेरून येतात आणि आमच्या नोकऱ्या घेतात वगैरे, तर बाबा डोळे पुसत म्हणाले, ‘हे मात्र बरोबर बोलला.’

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी टीव्हीकडे बघायला लागले.

मला आधी वाटलं हे आमच्याच बाबांचं. पण नाही हो, याच्यावर अभ्यास झालाय. १९७४ साली व्हिडमार आणि रोकीच या दोघांनी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या प्रेक्षकांना विचारून बघितलं तर निघालं काय, की ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीचं कौतुक जास्त, आणि भांडणात जावयापेक्षा आर्चीच जिंकतो असं त्यांना वाटायचं. म्हणजे लिअर आर्चीची टर उडवतोय आणि अर्धं पब्लिक म्हणतंय वा, शेवटी कुणीतरी खरं बोललं! हसत दोघंही आहेत, एकाच वाक्याला.

हे आपल्याकडे झालंच नाही असं वाटत असेल तर साराभाई आठवा. २००४ ची मालिका, तेव्हा फारशी चालली नाही, आता मात्र ज्याला त्याला पाठ. माया साराभाई येताजाता सुनेला मिडल क्लास म्हणून टोचत असते, यातला विनोद खरं तर मायावर आहे ना, तिच्या त्या कफ परेडी नाकावर. आणि आता रील्स बघा, माया म्हणजे क्वीन! लोक ती वाक्यं घेऊन खरोखरच दुसऱ्यांना हिणवतात, कपड्यांवरून, पडद्यांवरून, स्टीलच्या डब्यांवरून. रत्ना पाठकने इतकं सुंदर काम केलं की टोमणा कुणाला होता तेच लोक विसरले. तरीपण मी म्हणेन, घरातल्या माणसाच्या वृत्तीवर बोट ठेवणारी हिंदीतली ती सगळ्यात जवळची मालिका. फक्त ते घर इतकं श्रीमंत होतं की आपण सगळे बाहेर उभं राहून हसायला मोकळे.

मराठीत श्रीयुत गंगाधर टिपरे. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून केलेली, केदार शिंदेचं दिग्दर्शन, २००१ पासून अल्फा मराठीवर. टिपऱ्यांचं घर म्हणजे हुबेहूब आपलं, आबांपासून शिऱ्यापर्यंत. आणि टिपरे हसतात ते स्वतःवरच, ते मान्य. पण किती मायेने! आबा दमले, शेखरला ऑफिसचं टेन्शन, श्यामलाची धावपळ, पोरांची थेरं, संपला एपिसोड, मन कसं स्वच्छ. मला टिपरे कधीही लावा, मी बसते. त्यांना कुणी मुद्दाम घर भाड्याने द्यायचा प्रसंग घालून बघितला असता तर काय झालं असतं एवढंच मनात येतं.

कारण आपले आर्ची कुठे राहतात मला माहितीये. आमची आजी, कोपरीतली. समोर सिंधी कुटुंब, फाळणीत सगळं सोडून आलेलं, त्या काकूंचे पापड आजीला इतके आवडायचे की स्वतः ताटली घेऊन मागायला जायची, आणि घरात येऊन दार लावलं की पहिलं वाक्य, ‘पण काय बाई त्यांच्यात...’ पुढचं लिहीत नाही. तीच आजी त्या काकूंच्या यजमानांना हार्ट अटॅक आला तेव्हा रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेली. दोन्ही खरं.

आणि आताचं घोडबंदर. तीस-तीस मजले, खाली पूल आणि क्लबहाऊस, आणि लिफ्टच्या दारावर लॅमिनेट केलेली नोटीस, घरकामाला येणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. माझ्या एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर एक स्टीलचा कप पालथा घातलेला असतो, कडेला थोडा चेपलेला, त्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका. बाकी सगळे मग बोनचायनाचे, आत कपाटात. तो कप मावशींचा. मावशी स्वतःच तो घेतात, स्वतःच धुतात, परत तिथेच पालथा घालतात, कुणी काही बोलत नाही, सगळं कसं प्रेमाने, दिवाळीला साडी आणि एक पगार बोनस. मैत्रीण जातपात मानत नाही, विचारा तिला. नेलपॉलिशचा तो ठिपका कधी कुठल्या कॉमेडी मालिकेत बघितलाय का? मी तरी नाही.

तिकडे नॉर्मन लिअरच्याच दुसऱ्या मालिकेत, मॉड नावाच्या, ४७ वर्षांच्या बाईला दिवस जातात आणि ती गर्भपात करायचं ठरवते, दोन भागांचा एपिसोड, नोव्हेंबर १९७२. विनोदी मालिकेत! काही स्टेशनांनी दाखवायला नकार दिला, तरी झाला. त्याच्या बरोब्बर आदल्या महिन्यात, २ ऑक्टोबर १९७२ ला, आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणि गंमत म्हणजे गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ लाच झालेला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९७३ मध्ये. म्हणजे कायद्यात आपण पुढे, पण घरात चारचौघांसमोर तो शब्द उच्चारायची सोय नाही. अजूनही नाहीये खरं तर.

का नाही झालं आपल्याकडे? मला वाटतं एक तर तेव्हा चाळीत नाहीतर बिल्डिंगमध्ये एक टीव्ही आणि समोर सगळे, आजोबा, सून, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. त्या गर्दीत खात्यावर हसणं सोपं, सगळेच खात्याने पिडलेले. पण जातीवरून काही निघालं तर कोण कुठल्या वाक्याला हसलं ते सगळ्यांना दिसणार. दुसरं म्हणजे राजकारणी चालतो, त्याचं नाव जरा बदललं की झालं, मनोहर श्याम जोशींच्या ‘नेताजी कहिन’ची मालिका करताना नेताजीचे कक्काजी झाले आणि ओम पुरीने धमाल उडवली. घरच्या माणसाचं नाव बदलून उपयोग नाही ना, तो ओळखू येतोच. तमाशातला सोंगाड्या राजाची, प्रधानाची, पाटलाची कुणाचीच गय करायचा नाही हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण तो पण पुढे बसलेल्या पब्लिकला बेतानेच घ्यायचा, फेटे उडायला हवे होते त्याला.

आणि नुसतं दाखवलं म्हणजे भागलं असंही नाही, बाबांचं ‘बरोबर बोलला’ मी विसरलेले नाही. पण एक फरक झाला. त्या रात्री आमच्याकडे जे भांडण लागलं, नात विरुद्ध आजोबा, नोकऱ्या कुणाच्या आणि बाहेरचे म्हणजे कोण आणि आजोबा, तुमचेच वडील कोकणातून ठाण्यात आले तेव्हा ते कोण होते, ते साडेअकरापर्यंत चाललं. वागळे बघून आमच्याकडे कधीच भांडण झालं नव्हतं. वागळे बघून आम्ही सगळे एकमताने झोपायला जातो.

तर मला अशी मालिका हवीये. ठाण्यातली सोसायटी, रिटायर्ड काका, झोपाळा फक्त त्यांचा. काका प्रेमळ, तलावपाळीला नातवाला घेऊन जाणारे, गडकरीला नाटकाचं तिकीट काढताना शेजाऱ्यांचंही काढणारे, अडीनडीला पहिले धावणारे. आणि मिटिंगमध्ये भाडेकरूचं आडनाव वाचून चष्मा काढून पुसायला लागणारे. ‘मला वैयक्तिक काहीच प्रॉब्लेम नाही हो, पण बाकीच्या मेंबरांचं बघावं लागतं.’ बाकीचे मेंबर पण तेच म्हणतात, प्रत्येक जण बाकीच्यांसाठी काळजीत. सून बोलणारी हवी, पण ती पण धुतल्या तांदळाची नको, तिच्या किचनमध्ये तो ठिपकावाला कप पाहिजे. आणि कुणीही शेवटी भाषण द्यायचं नाही, दिलं तर मी टीव्ही बंद करेन.

लिहिणाऱ्याला मटेरियल शोधायला लांब जावं लागणार नाही. रविवारी आमची एजीएम आहे, पार्किंग आणि लीकेज झालं की पुढचा विषय ‘भाडेकरूंबाबत धोरण’, आणि सेक्रेटरींनी मिनिट्स लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. बाबा म्हणतायत मी पण येऊन मागे बसतो. लेक पण येणार म्हणतेय, तिला म्हटलं फोन घरी ठेवून ये.